मिलीमीटरचा मधला कॅमेरा

ऑफिसात त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी विभागात तो नोकरीला होता. कापसापासून खाटांपर्यंत काहीही घ्यायचं झालं की तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, शेजारी शेजारी मांडायची, प्रत्येकात खोट काढायची आणि पुन्हा मागवायची, हे त्याचं काम. त्यात तो इतका तरबेज होता की वॉर्डातल्या पंख्यांची निवड होईपर्यंत उन्हाळा संपलेला असे. वरिष्ठ त्याला काटेकोर म्हणत. रुग्ण काय म्हणत, ते कुणी विचारलं नव्हतं.

तर अशा माणसाने एकदा मनावर घेतलं की आपण कॅमेरा घ्यायचा. साधासुधा नव्हे, डीएसएलआर. आणि त्यातही मधला. स्वस्तातला म्हणजे पोरासोरांचं खेळणं, महागडा म्हणजे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं हत्यार. आपल्यासारख्या जाणकार हौशी माणसाला शोभतो तो मधलाच, असं त्याचं ठाम मत. जाणकार ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती. तोवर त्याने सांगण्यासारखा एकही फोटो काढलेला नव्हता.

मधल्यांतही तीन निघाले. एकाचा सेन्सर उत्तम, पण मूठ लहान. दुसरा हातात भरदार, पण त्याचा ऑटोफोकस सुस्त. तिसऱ्यात सगळं बरं होतं, तर त्याच्या बॉडीत पाणी शिरू शकत होतं. आता चार थेंब पडले की हा माणूस ऑफिसला दांडी मारून खिडक्या लावून बसणारा, पण कॅमेरा मात्र त्याला वादळात टिकणारा हवा होता. तिघांत एक ठरतोय न ठरतोय तोच चौथा बाजारात येई आणि सगळं मुसळ केरात जाई. पुढे पुढे तर आतला आरसाच काढून टाकलेले कॅमेरे आले. मग आरसा असावा की नसावा, ह्यावर त्याचं घोडं जे अडलं ते अडलंच. दरम्यान ऑफिसातल्या अकाउंटंटने त्याचाच सल्ला ऐकून पहिल्याच झटक्यात एक कॅमेरा घेतला आणि आपल्या जुळ्या नातींचे असे सुरेख फोटो काढले की अख्खा मजला बघायला गोळा झाला. मिलीमीटरनेही बघितले. "कडा काळवंडल्यात," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

कॅमेऱ्याच्या दुकानाचा मालक त्याला लांबून येताना बघूनच काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागे. एकदा बिचाऱ्याला वेळेवर वाकता आलं नाही.

"साहेब, एक विचारू? तुम्हाला फोटो कशाचे काढायचेत?"

"कशाचे म्हणजे?"

"म्हणजे पक्षी, माणसं, डोंगर... त्यावरून लेन्स ठरते ना."

मिलीमीटरला हा प्रश्न फारच अडाणी वाटला. "आधी कॅमेरा ठरू दे," तो म्हणाला, "मग कशाचे ते बघू."

घरी तर ह्याने वेगळाच उच्छाद मांडला होता. कुणी मोबाईल उगारला की ह्याने नाक मुरडलंच म्हणून समजा. "ह्याला फोटो म्हणत नाहीत. थांबा जरा, कॅमेरा येतोय." कोण कशाला रोज बोलणी खाईल? हळूहळू घरातले सगळे मोबाईल पुढे करायचेच बंद झाले. मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, मेहुण्याचे केस गेले, आणि ह्या सगळ्याचा पुरावा म्हणून घरात एक फोटो नाही.

बाबांचं तेवढं वेगळं होतं. मिलीमीटरचे बाबा शिंपी. रस्त्यालगतच्या एका खोलीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं. समोर कापायचं टेबल, दाराशी पायाचं मशीन, आणि मागच्या भिंतीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्याच्या रिळांची मांडणी. आता सुईत दोरा ओवताना डोळ्यांना पाणी यायचं, म्हणून त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मुलाकडे कधी काही न मागितलेल्या ह्या माणसाने तेव्हा एकच गोष्ट मागितली.

"माझा एक फोटो काढशील का रे? मशीनवर बसलेला. भिंतीवर लावायला नको, आपला माझ्यापाशी ठेवायला."

बाबांचा आजवरचा एकुलता एक फोटो ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते नुकतीच पाकीटमारी करताना सापडल्यासारखे दिसत. मिलीमीटरची छाती फुगली. "मोबाईलवर नाही हं बाबा. नीट काढू. कॅमेरा येऊ दे." बाबांनी विश्वास ठेवला. दुकान बंद करायचं त्यांनी एकदा पुढे ढकललं, मग आणखी एकदा ढकललं. शेवटी जागेच्या मालकानेच तगादा लावला आणि मशीन एका शिवणक्लासवालीने मागून ठेवलं.

मग बायकोने पदर खोचला.

"अहो, शनिवारी टेम्पो येणार आहे सामान न्यायला. तोवर कॅमेरा आला नाही तर मी मोबाईलवर काढणार. मग तुम्ही नाक मुरडा, नाहीतर कान मुरडा."

शुक्रवारी कॅमेरा आला. नाही पटला तर परत आणा, असं दुकानदाराने आपणहून सांगितलं. त्याला फक्त हा माणूस दुकानाबाहेर हवा होता.

शनिवारी सकाळी बाबा दाढी करून, स्वतः शिवलेला पांढरा सदरा घालून मशीनवर बसले. गळ्यात टेप. सुईखाली कापड नसेल तर खोटं दिसेल, म्हणून त्यांनी एक अर्धवट बाही मुद्दाम राखून ठेवली होती. दारातून ऊन आत आलं होतं. मिलीमीटरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याचे डोळे लकाकले. बाबांमुळे नव्हे. बाबांच्या मागे शंभर छटांची रिळं ओळीने लागली होती आणि प्रत्येकावर बारीक अक्षरांची चिठ्ठी. लेन्स कोपऱ्यापर्यंत स्वच्छ टिपते का, हे तपासायला लोक विटांच्या भिंती शोधत हिंडतात; इथे तर विटांहून सरस माल फुकटात समोर होता.

"बाबा, जरा उजवीकडे सरका." बाबा सरकले. "अजून थोडं. नाहीतर असं करा, दोन मिनिटं बाजूला उभेच राहा."

बाबा उभे राहिले. मिलीमीटरने रिळं टिपली, पडद्यावर मोठी करून बघितली, च्यक् केलं, पुन्हा टिपली.

"अहो, आधी बाबांचा काढा ना!" बायको म्हणाली.

"काढतो गं. कॅमेऱ्यातच खोट असली तर बाबांचा फोटो बिघडेल की नाही?"

तिने पर्समधून मोबाईल काढला. तेव्हा बाबाच म्हणाले, "राहू दे सूनबाई. किती मन लावून काढतोय बघ." तिने मोबाईल परत पर्समध्ये टाकला. त्याबद्दल ती अजून स्वतःला माफ करत नाही.

टेम्पो आला. हमालांनी मशीन उचललं, टेबल उचललं, स्टूल त्यावर पालथं टाकलं. मिलीमीटर हात हलू नये म्हणून चौकटीला टेकून उभा होता. त्याने तोंड उघडलं ते हमाल रिळांच्या मांडणीला हात घालायला लागले तेव्हा. "अहो, एक मिनिट थांबा, डावा कोपरा राहिलाय!" हमाल थांबले नाहीत. भिंत उघडी पडली, टेम्पो निघून गेला, आणि टिपण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा कुठे त्याने कॅमेरा खाली घेतला.

"हं, बाबा, या आता," तो खुशीत म्हणाला. "बसा."

बाबा खोलीच्या मधोमध आले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"कशावर?"

रागाने नव्हे, त्यांनी खरंच विचारलं. मिलीमीटरने खोलीभर नजर फिरवली. मग घसा खाकरला आणि डाव्या कोपऱ्यात चित्र कसं पुसट येतंय, हा कॅमेरा परत करून दुसरा कसा आणावा लागेल, ते बाबांना समजावून सांगायला लागला. बाबा गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळत, मान हलवत ऐकत राहिले. बायको रस्त्यावर जाऊन उभी राहिली, कारण आत थांबली असती तर तिने तो कॅमेरा फोडला असता.