लेखी नकार

मंदा मॅडम वाचल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करत नसत. माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहत, खांद्यावरची पर्स खुर्चीवर ठेवत, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचत. मग कागद उलटा करून मागची बाजू बघत. मागे बहुतेक वेळा कोरंच असे, तरी बघत. मुरुमच्या आमच्या शाळेतले बाकीचे शिक्षक चालता चालता सही ठोकून जात. एकदा मी वैतागून म्हणाले, की मॅडम, किरकोळ रजेच्या अर्जात एवढं वाचण्यासारखं काय असतं? त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, न वाचता सही करायची म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवायचं. पोट कुणाचं भरलं ते लई मागनं कळतं."

मी या शाळेची क्लार्क. माझे यजमान इथेच क्लार्क होते; ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. नोकरी कायमची, पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत. मंदा मॅडम भूगोल शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, आणि दर जूनमध्ये नवा नेमणूक आदेश. तो आदेश मीच टाइप करायची. असं असूनही हेवा मला त्यांचा वाटायचा. उलटं असायला हवं होतं, हे मलाही कळत होतं.

मधली सुट्टी झाली की मुली त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या. कुणाच्या वेणीची रिबीन सुटलेली, कुणाला बाहेरगावी शिकायला जायचंय आणि घरचे नाही म्हणतायत. त्याच मुली माझ्या खिडकीशी यायच्या त्या फक्त बोनाफाइड मागायला. सकाळी मॅडमचे यजमान सिद्राम त्यांना मोटारसायकलवर सोडायला यायचे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान, हात सदा काळे. पण बायको फाटकातून आत जाईपर्यंत ते गाडी वळवत नसत. आणि मॅडमच्या सासूबाई, ज्यांना सगळे अव्वा म्हणत, सुनेच्या डब्यात रोज काहीतरी वेगळं घालून द्यायच्या. कधी शेंगाची पोळी, कधी कडक भाकरी नि दह्यातली चटणी. डबा उघडताना मॅडम म्हणायच्या, "बघू आज अव्वाच्या मनात काय हाय." माझ्या सासूबाई यजमान गेल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी माझा डबा टेबलाच्या खणात ठेवून खायची.

अव्वाचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांना खाली बसता येईना. त्या एकट्या कॉटवर ताट घेऊन जेवायच्या आणि बाकीचे चौघे, मॅडम, सिद्राम आणि दोन मुलं, खाली. मॅडमना ते सहन होत नव्हतं. अव्वा वरून आपल्या ताटात बघत राहतात, मान वर करत नाहीत, जणू पाहुण्या आहेत, असं त्या मला सांगायच्या. म्हणून त्यांनी ठरवलं, जेवणाचं टेबल घ्यायचं. सहा खुर्च्यांचं, लाकडी. मुरुममध्ये त्यांच्या गल्लीत कुणाकडे तसं टेबल नव्हतं. लोक हसले. त्या म्हणाल्या, "मला सगळ्यांची ताटं एका उंचीवर पायजेत. बाकी काय न्हाय."

दुकान मीच सुचवलं. उमरगा रस्त्यावरच्या त्या फर्निचरच्या दुकानातून मी आदल्या वर्षी हप्त्यांवर सोफा घेतला होता. माझं कर्ज दहा मिनिटांत मंजूर झालं होतं, ते मी मॅडमना जरा जास्तच रंगवून सांगितलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या आणि सिद्राम तिकडे गेले. सेल्समन म्हणाला, कर्जाची काळजी करू नका, आमच्याकडे सगळ्यांचं होतं. आज आगाऊ रक्कम भरा, टेबल तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवतो. मॅडमनी पावती वाचली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं, की आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. त्यांनी सेल्समनला पेन दिलं आणि पुढच्या बाजूला लिहायला लावलं, 'कर्ज मंजूर झाले तरच सौदा.' त्यानं हसत हसत लिहिलं आणि सही केली.

मंगळवारी शाळेच्या फोनवर कर्ज देणाऱ्या कंपनीतून चौकशी आली. फोन माझ्याच टेबलावर असतो. बाहेर मधली सुट्टी चालू होती आणि खिडकीतून मला मंदा मॅडम दिसत होत्या, चार मुली त्यांना काहीतरी दाखवत होत्या आणि त्या पोट धरून हसत होत्या. पलीकडच्या माणसानं विचारलं, की या बाई तुमच्याकडे नोकरीला आहेत का. मी म्हणाले, आहेत, पण कायम नाहीत. तासिकेवर आहेत. त्यानं विचारलं, पुढच्या वर्षी असतील ना? मी म्हणाले, "ते सांगता येत नाही."

मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी आजही विसरलेले नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या मोबाइलवर एका ओळीचा मेसेज आला, की आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही. माझ्यावर तसं आलं असतं तर मी कुणाला कळू दिलं नसतं. टेबल आवडलं नाही म्हणून सांगितलं असतं. मॅडमनी तो मेसेज स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. एक सर दबक्या आवाजात म्हणाले, की मॅडम, असं चारचौघांत सांगू नये. त्यावर त्या म्हणाल्या, "का? मी चोरी केली व्हय? त्यांनी न्हाय म्हटलं, ते म्हणू द्या. पण का न्हाय ते सांगावं लागंल. नकार बी कागदावर पायजे. हवेतला नकार मला चालत न्हाय."

दुकानदाराकडे आगाऊ रक्कम मागायला गेल्या, तर त्यानं पावतीची मागची बाजू दाखवली. पैसे परत मिळणार नाहीत, त्याच रकमेच्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन जा, म्हणाला. मॅडमनी पावती उलटी करून पुढची बाजू दाखवली. तो म्हणाला, सेल्समननं लिहिलेल्याला अर्थ नाही. त्या परत आल्या आणि त्याच आठवड्यात ग्राहकांच्या मदतीच्या फोनवर त्यांनी सगळं विचारून घेतलं. कर्ज का नाकारलं ते लेखी मागता येतं. आपल्या कर्जफेडीची नोंद वर्षातून एकदा फुकट बघता येते आणि चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते. आणि कर्जच झालं नाही तर, दुकानदारानंच तशी अट लिहून दिलेली असताना, त्याला पैसे दाबून ठेवता येत नाहीत. नोंद त्यांनी सिद्रामच्या दुकानात बसून मोबाइलवर काढली. ती स्वच्छ होती. मग त्यांनी कंपनीला हातानं पत्र लिहिलं आणि झेरॉक्स काढायला माझ्याकडे आल्या. उत्तर शाळेच्या पत्त्यावर मागवलं होतं. मी तीन प्रती काढून दिल्या.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. शाळेचं टपाल मीच घेते. पाकिटावर मॅडमचं नाव होतं. आवक नोंदवहीत नोंद करायला पेन उचललं आणि परत ठेवलं. पाकीट खणात, माझ्या डब्याच्या खाली सरकवलं. दोन दिवस ते तिथं होतं. त्या दोन दिवसांत मॅडम तीनदा विचारून गेल्या, की माझं काही आलं का, आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. फोनवर मी खोटं बोलले नव्हते. आता बोलत होते. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "येईल. आणि न्हाय आलं तर मी जाऊन आणीन." त्या जातील हे मला माहीत होतं. पण मी पाकीट दिलं ते केवळ त्या भीतीनं नाही. दोन दिवस मला डबा गेला नव्हता.

त्यांनी माझ्यासमोरच पाकीट फोडलं. उभ्यानं वाचलं. उलटं करून मागची बाजू बघितली. पत्रात लिहिलं होतं, की संस्थेकडून दूरध्वनीवर मिळालेल्या माहितीनुसार अर्जदाराच्या नोकरीचे सातत्य निश्चित नाही. मी टेबलाकडे बघत होते.

"फोन तुमीच घेतला असंल," त्या म्हणाल्या.

"हो."

"काय सांगितलंत?"

मी सांगितलं, जसंच्या तसं. बाहेर घंटा झाली, मुली वर्गात पळाल्या. मग त्या म्हणाल्या, "खरंच सांगितलंत की. कायम न्हायच मी." आणि पत्राची घडी घालत, "नऊ वर्षं झाली, एवढं सांगायचं राहिलं तुमच्याकडनं."

त्या रागावल्या असत्या तर मी रागानं उत्तर दिलं असतं. तेवढी तयारी माझी रोजचीच होती. त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि विचारलं, की मग ते आता लिहून देता का, नऊ वर्षं, एकही जून न चुकता. मी त्याच तासाला अनुभवाचा दाखला टाइप केला. मुख्याध्यापकांनी सही केली. मॅडमनी तो वाचला, एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दाखवली, आणि मी पुन्हा टाइप केला. मॅडम तासाला गेल्यावर मला रडू यायला हवं होतं. पण मला वाटला तो परत हेवाच. माणसाला इतकं सरळ राहता कसं येतं, आणि ते याच बाईला का, मला का नाही, असं वाटत राहिलं.

दुकानदाराला त्यांनी आधी नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, तेव्हा धाराशिवच्या ग्राहक आयोगात तक्रार दिली. वकील लागत नाही म्हणून घेतला नाही. सुनावणीच्या दिवशी सिद्रामला कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार उतरवायची होती, म्हणून त्या मला म्हणाल्या, की ताई, तुम्ही चला. मला नाही म्हणता आलं नाही. एसटीत अडीच तास आम्ही शेजारी बसलो होतो. त्या खिडकीतून बघत होत्या, कुठली जमीन काळी, कुठली मुरमाड, सगळं मला सांगत होत्या. फोनचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आयोगात फार बोलावं लागलं नाही. पावतीवरची ती हातानं लिहिलेली ओळ वाचल्यावर दुकानदाराला विचारलं गेलं, की सही तुमच्याच माणसाची ना? तो हो म्हणाला. मॅडमनी एवढंच सांगितलं, "साहेब, कर्ज झालं तर सौदा, असं ठरलं होतं. कर्ज झालं न्हाय. मग हे पैसे कशाचे, तेवढं यांनी सांगावं." दुकानदारानं पैसे आणि वर जाण्यायेण्याचा खर्च देऊन मिटवून घेतलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, की बाई, आता दाखला आहे तर परत अर्ज करा, कर्ज करून देतो. त्या म्हणाल्या, हक्क होता म्हणून भांडले, आता तुमच्याकडनं घ्यायचं का नाही हाही माझाच हक्क आहे.

टेबल मुरुमच्याच सुताराकडून करून घेतलं. कडुनिंबाचं, चार खुर्च्या आणि एका बाजूला बाक. पहिल्या जेवणाला मला बोलावलं. अव्वा मधल्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मान वर करून सगळ्यांच्या ताटात डोकावत होत्या, याला भात कमी, त्याला आमटी वाढ, असं चाललं होतं. मला म्हणाल्या, "जेव की बाई, लाजू नको." घरात एवढ्या मायेनं मला कुणी जेव म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. घास गिळताना मी त्या सुनेवर इतकी जळत होते, की चव कळली नाही.

पुढच्या वर्षी भूमकडच्या एका आश्रमशाळेत त्यांना कायमची जागा मिळाली. मुलाखतीत त्यांनी तोच दाखला दाखवला. जिल्ह्याचं दुसरं टोक. सगळं बिऱ्हाड हलवायचं ठरलं. शेवटच्या दिवशी हिशेबाच्या कागदांवर सह्या करायला त्या माझ्याकडे आल्या. खोलीत दोघीच होतो. मी त्यांना सांगितलं, की पाकीट मी दोन दिवस लपवलं होतं. आणि फोनवर मी जे बोलले ते चुकून नव्हतं. मला तुमचा हेवा वाटायचा, अजून वाटतो.

त्यांनी सही करून पेन माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "हेवा वाटंल तेवढा वाटू द्या, ताई. त्याला काय पैसे पडत न्हाईत. फक्त फोनवर नको."

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. मग मुली आल्या आणि त्यांना ओढून घेऊन गेल्या.

मला वाटलं होतं, त्या गेल्या की मी सुटेन. त्यांच्या जागी आलेल्या बाई चांगल्या आहेत, चालता चालता सही करतात. मुली आता माझ्या खिडकीशीही कधीमधी थांबतात. तरी परवा टाइप करता करता माझे हात थांबले. भूमच्या त्या आश्रमशाळेत माझ्यासारखीच कुणीतरी क्लार्क असेल. तिचं नाव मला माहीत नाही, मी तिला कधी बघितलेलं नाही. तिच्या टेबलासमोर आता मंदा मॅडम उभ्या राहत असतील. मला तिचा हेवा वाटला.