डावा पाय आणि मागची सीट

माझ्या कमरेचे दोन मणके गेली काही वर्षं एकमेकांशी भांडतायत आणि मार खातोय तो माझा डावा पाय. डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवर पेनाचं टोक टेकवून दाखवलं होतं, ही बघा, इथे नस दाबली जातेय. कधी मांडीच्या मागून पोटरीपर्यंत चटका उतरतो. कधी पाऊल नुसतंच बधिर होतं आणि चप्पल निघून गेली तरी पत्ता लागत नाही. एकदा विक्रोळीच्या बाजारातून मी एकाच चपलेवर घरी आले आहे. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, वजन उचलू नका, असं सगळे डॉक्टर सांगतात. आणि माझं दुखणं ऐकणारा प्रत्येक माणूस शेवटी विचारतो, मग अजून मोटारसायकल कशाला चालवता?

कशाला म्हणजे काय? येते म्हणून. भाऊ गावी गेला की त्याची गाडी काढून वसाहतीच्या मैदानात मी शिकले, तेव्हा चार बायका खिडकीतून बघायच्या आणि माझ्या आईचं डोकं खायच्या. बिनगिअरची स्कूटर घ्या म्हणणारेही भेटतात. घेऊन पाहिली. तिची चाकं एवढीशी, रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचतो. मोटारसायकलची टाकी गुडघ्यांनी घट्ट धरली की कंबर सुटी राहते. मी मुलुंडच्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथल्या खुर्चीत दिवसभर जेवढं दुखतं त्याच्या निम्मंही सकाळी हायवेवर दुखत नाही. हे मी कोणाला पटवायला जात नाही, मला कंटाळा येतो.

आमच्या घरात गाडी मीच चालवते. नवऱ्याने लग्नानंतर एकदा हौसेने हातात घेतली आणि सरळ भाजीच्या हातगाडीत घातली. त्या दिवसापासून तो मागच्या सीटवर आहे आणि तिथे सुखी आहे. उंच, लांब ढांगांचा माणूस. गेल्या वर्षी कंपनीतून निवृत्त झाला. कुठे लग्नकार्य असलं की मी पुढे, तो मागे, मांडीवर आहेराची पिशवी. नातेवाईक हसायचे ते हसून दमले.

फिजिओथेरपीला मी पवईला जाते. तिथली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, पण बोलायला कडक. तिने पायाला सुया टोचून, हातोडी मारून सगळं तपासलं आणि म्हणाली, "काकू, पायात जोर आहे तोवर मी गाडी बंद करा म्हणणार नाही. पण थांबताना पाय जमिनीला टेकलेला तुम्हाला कळला पाहिजे. ज्या दिवशी कळणार नाही त्या दिवशी चावी ठेवून द्यायची." नवरा शेजारीच बसला होता. परत येताना मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मी स्वतःच चावी तुमच्या हातात देईन. तो हं म्हणाला. मी ते मनापासून म्हटलं होतं आणि तो दिवस येणार नाही अशी माझी खात्रीही होती.

मग एप्रिल आला आणि जयंतीची रॅली. चौदा तारखेला आमच्या वसाहतीतल्या बायका पांढरी साडी, निळा फेटा बांधून मोटारसायकली घेऊन चालणाऱ्या सगळ्यांच्या पुढे असतात. ही रांग सुरू झाली तेव्हापासून पहिल्या ओळीतला उजवा कोपरा माझा. यंदा वहिनी म्हणाली, तू आजीबायांबरोबर टेम्पोत बस, तिथे खुर्च्या ठेवल्यात. तिने मायेने म्हटलं होतं, तरी मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. टेम्पोत बसायचं म्हणजे पुढच्या वर्षी घरीच बसायचं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

मी पवईच्या मुलीला विचारलं. किती लांब जायचं, तिने विचारलं. स्टेशनरोडला वळसा घालून परत, दोन-तीन किलोमीटर. मग काय, दहा मिनिटांचं काम, ती म्हणाली, जा. तिने कधी जयंतीची रॅली जवळून बघितलेली नसणार. पण मी तर जन्मापासून बघतेय आणि मीही अंतरच धरलं. आमच्याकडे रॅलीला किती वेळ लागतो हे कोणी मोजतच नाही. ती दुपारी निघते आणि दिवेलागणीला परत येते. मी आपली पंधरा दिवस रोज सकाळी हायवेवर झकास वेगात सराव करत होते.

त्या दिवशी कमरेचा पट्टा नऊवारीच्या आतून बांधला तर श्वास घेता येईना. शेवटी वरूनच बांधला. शेजारीण म्हणाली, कमरपट्टा छान आहे, कुठून घेतलास? मी म्हटलं, पवईहून. नवऱ्याला घेऊन रांगेत गेले तेव्हा इतर बायकांनी चिडवलं, की आमच्या ओळीत हा एकच पुरुष. त्याने खुशाल फेटा नीट केला.

पुढे गाण्यांचा ट्रक, त्याच्या मागे आम्ही. ट्रक मुंगीच्या पावलाने चालला होता. पहिला गिअर, अर्धा दाबलेला क्लच, वीस पावलं पुढे, की थांब. चौकाचौकात हार, सरबत, फोटो. वर एप्रिलचं ऊन. प्रत्येक थांबण्याला कमरेला एक झटका बसत होता. पहिला तासभर मी हसून हात हलवत होते. मग डाव्या पोटरीतला चटका हळूहळू गेला आणि मला उलट बरं वाटलं. पाऊल बधिर झाल्याने तो गेलाय हे लक्षात आलं नाही.

बाजाराच्या चौकात ट्रक एकदम थांबला. मी ब्रेक दाबला आणि डावा पाय खाली सोडला. काहीच लागलं नाही. खाली बघितलं तर बूट डांबरावर टेकलेला होता, पण तो माझा आहे असं वाटत नव्हतं. गुडघा दुमडला, गाडी डावीकडे कलली आणि माझ्या मनात आलं, वाट लागली, अख्ख्या वसाहतीसमोर पांढरी साडी रस्त्यावर.

गाडी पडली नाही. कलता कलता थांबली आणि सावकाश सरळ झाली. माझ्या दोन्ही बाजूंना नवऱ्याचे लांब पाय जमिनीत रोवल्यासारखे उभे होते.

"धरलीय," तो कानाशी म्हणाला. "तू क्लच सोडू नको."

तेव्हा मला उमगलं. गेले काही महिने सिग्नलला थांबलं की हा माणूस पाय खाली टाकायचा आणि मी खेकसायची, की मागे बसणाऱ्याने पाय वरच ठेवायचे असतात, एवढी वर्षं बसूनही कळत नाही का तुम्हाला? सवय गं, म्हणायचा. कसली सवय. प्रत्येक सिग्नलला तो माझ्या आधी पाय टेकत होता.

पुढच्या वळणावर मी रांगेतून बाहेर आले. दुसऱ्या ओळीतली एक पोरगी माझ्या कोपऱ्यात सरकली. टेलरच्या दुकानासमोर स्टुलावर बसून मी रडले, अगदी सरळ रडले. नवऱ्याने ताक आणून दिलं आणि माझी पोटरी चोळत बसला. रॅली संपूर्ण जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो. वहिनीने टेम्पोतून हात केला, मीही केला.

घरी आल्यावर मी चावी त्याच्यापुढे ठेवली.

"घ्या. शब्द दिला होता."

त्याने चावीकडे बघितलं. "मी काय करू हिचं? मला येते का चालवायला?"

"विका मग."

"रस्ता कळतो तुला, गिअर कळतो. थांबताना कधीकधी जमीन कळत नाही, तेवढंच ना? तेवढं मी बघतो. एकटीने मात्र जायचं नाही."

पवईच्या मुलीने आम्हा दोघांना चांगलंच झापलं. पुन्हा सुया, पुन्हा हातोडी. जोर अजून आहे, म्हणाली. मग नाखुशीनेच तिने अटी घातल्या. मागे हे हवेतच, रांगेत आणि गर्दीत गाडी घालायची नाही, पाय बधिर असेल त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही आणि जोर कमी झाला तर ती एक शब्द ऐकून घेणार नाही. मी सगळं कबूल केलं.

आता रोज सकाळी चहा झाला की मी डोळे मिटते आणि नवरा स्टीलचा थंड चमचा माझ्या डाव्या पायाच्या एकेका बोटाला लावतो. मी बोट ओळखायचं. चुकले तर दोघं बसने. बरोबर आलं तर तो हेल्मेट चढवतो. भांडुपपर्यंत रस्ता मोकळा असला की तो मागे बेसूर गातो आणि मी गप्प राहते, कारण खरंच मजा येत असते. मला मुलुंडला सोडून तो बसने घरी जातो, संध्याकाळी बसने परत येतो. बऱ्याच सकाळी बोट बरोबर येतं. मी सुखात आहे.

कारखान्याच्या गेटवर आठवड्यापासून नवा वॉचमन आहे. परवा त्याने नवऱ्याला विचारलं, काका, तुमचं इथे काय काम असतं, रोज येता आणि लगेच जाता?

"मी पाय टेकायला येतो," नवरा म्हणाला आणि बसस्टॉपकडे चालायला लागला.

वॉचमन माझ्याकडे बघत होता, म्हणून हेल्मेट काढायला मी जरा वेळ लावला.