आईच्या डबीतला अंगारा

देवीवर माझी श्रद्धा आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. पण मधली काही वर्षं ती श्रद्धा मी कशासाठी वापरत होते, हे सांगताना आजही लाज वाटते. मी तिच्याआड लपत होते. लोणंदला आमच्या नेहमीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला छातीची तपासणी करून घ्यायला सांगितलं, तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडलेली होती. "तुमच्या आईला होता ना कॅन्सर? मग तुम्ही याआधीच करायला हवी होती," एवढंच त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मी देव्हाऱ्यात, देवीच्या टाकाखाली ठेवली. वर हळदकुंकू वाहिलं. घरात कुणी विषय काढला की म्हणायचे, देवीपुढं ठेवलीय. जशी काही देवीच माझ्याऐवजी जाऊन तपासणी करून येणार होती.

सबबींना तोटा नव्हता. एकदा ऊस तोडायला टोळी आली म्हणून राहिलं. एकदा नणंदेकडचं लग्न निघालं. नंतर तर मी सबब सांगायचंही सोडून दिलं, नुसतं "बघू" म्हणायचे. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांना माझं भ्यायचं कारणच कळत नव्हतं. "आमचं वर्साला मेडिकल व्हायचं," ते म्हणायचे, "कापडं काडा म्हनलं की काडायची. भ्या वाटतंय का म्हनून कोन इचारत न्हवतं." मी म्हणायचे, "आवं, तुमची गोष्ट येगळी." आणि उठून चुलीपाशी जायचे. वेगळी कशी, ते मला त्यांना सांगता येत नव्हतं.

वेगळी होती ती आईमुळे. माझं माहेर फलटणकडचं. आईला छातीत गाठ लागली तेव्हा तिनं कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. तिच्याकडे पितळेची एक छोटी डबी होती, झाकणावर पोचा आलेली. त्यात गावच्या देवीचा अंगारा असायचा. रोज आंघोळ झाली की ती दाराकडं पाठ करून उभी राहायची आणि पदराआड हात घालून अंगारा लावायची. आम्हा बहिणींना वाटायचं, वय झालं तशी आईची भक्ती वाढली. आम्ही तिची चेष्टाही करायचो. दीड वर्षानं तिच्या अंगाला वास यायला लागला, तेव्हा सुमननं, माझ्या धाकट्या बहिणीनं, जबरदस्तीनं पदर बाजूला केला. पुढचं लिहवत नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी फक्त एवढं विचारलं, की इतके दिवस काय केलंत. आई गेल्यावर सुमनला तिची नथ मिळाली. मी डबी मागून घेतली. दर नवरात्रात माहेरी गेले की देवळातले गुरव ती भरून देतात आणि ती माझ्या देव्हाऱ्यात असते.

खरं सांगायचं तर मला रोगाची भीती होती, पण कळण्याची त्याहून जास्त होती. आईसारखंच माझंही अंग अनोळखी माणसांपुढं उघडं पडणार, आणि मग कुणीतरी तोच प्रश्न विचारणार, इतके दिवस काय केलंत.

शेवटी सुमनचा फोन आला. ती लग्न होऊन सांगलीत आहे. "अक्का, म्या नंबर लावून ठिवलाय. मंगळवारी. आता काय बी बोलू नगंस." मंगळवार आमच्या देवीचा वार. त्या दिवशी नाही म्हणायला मला सबबच सापडली नाही. सुमनला वार लक्षात होता की नव्हता, हे मी तिला कधी विचारलं नाही. सांगलीत आपल्याला कोण ओळखतंय, असाही एक हिशेब मनात होताच. ह्यांनी सोबत यायची तयारी दाखवली, ती मी मोडून काढली.

सोमवारी आईची डबी पिशवीत घालून एकटीच रेल्वेगाडीत बसले. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा पिशवी हातात घेऊन दारापर्यंत गेले होते. उतरायचं आणि एस.टी. धरून परत जायचं, सुमनला सांगायचं की पोटात दुखायला लागलं. दारात एक बाई टोपल्या चढवत होती, तिनं माझ्याकडं बघून "जरा धरा की" म्हणून एक टोपली माझ्या हातात दिली. टोपली आत ठेवून वळेपर्यंत गाडी हलली. त्या बाईला देवीनं पाठवलं असं मी म्हणत नाही. तिला तिच्या टोपल्यांची काळजी होती. मी जागेवर येऊन बसले, एवढंच.

मंगळवारी सकाळी सुमननं दवाखान्याचा कागद मोठ्यानं वाचला. पावडर, अत्तर, क्रीम काही लावून यायचं नाही. मी काहीच लावलं नाही. आंघोळ केली, आतल्या खोलीचं दार लोटलं, पिशवीतून डबी काढली आणि दोन्ही बाजूंना, पार काखेपर्यंत, सढळ हातानं अंगारा लावला. अंगारा म्हणजे पावडर, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. पावडर दुकानात मिळते. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी दाराकडं पाठ करून उभी आहे. हात थांबला. क्षणभर फार भीती वाटली. मग पदर सारखा केला आणि बाहेर आले.

दवाखान्यात फोटो काढणारी मुलगी तिशीची असेल. सावळी, हसरी, बोलण्यात गावाकडचा हेल. तिनं विचारलं, "काकू, पावडर बिवडर कायबी लावली न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई." गार खोलीत झगा घालून उभी राहिले. यंत्राच्या दोन फळ्यांमध्ये छाती दाबून धरतात. दुखतं, पण बाळंतपणं झालेल्या बाईनं बोलून दाखवावं इतकं नाही. पाच-दहा मिनिटांत झालं. याच्यासाठी मी इतकी वर्षं घालवली, असं वाटून बाहेर येताना मला हसूच आलं.

सुमनशेजारी बसून चार शब्द बोलले असेन, तेवढ्यात दार उघडलं. "काकू, परत आत यायचं. डॉक्टर म्हनत्यात फोटू पुन्ना काडायचा." सुमनचा चेहरा उतरला. मी उठले. आत गेल्यावर पडद्यावर मला माझाच फोटो दिसला. करड्या रंगावर पांढरे बारीक ठिपके, रांगोळी सांडावी तसे. मला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. आईचं दुखणं माझ्याकडं आलं होतं. डोळ्यापुढं आमचे हे आले, आणि नवल म्हणजे राग आला तो देवीचा. इतका अंगारा लावून आले तरी तू असं केलंस, असं मी मनात म्हणाले.

त्या मुलीनं झगा जरा बाजूला करून दिव्याच्या उजेडात माझ्या अंगाकडं बघितलं. बोट फिरवलं आणि बोटाकडं बघितलं. "काकू, ह्ये काय लावलंय?"

"अंगारा."

"म्या इचारलं तवा न्हाई म्हनलासा."

"तुमी पावडरीचं इचारलं."

ती रागावली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "राख हाय ही, काकू. फोटूत पांढरी उमटती. डॉक्टरांस्नी वाटतंय हितं काय तरी हाय. ह्यो अंगारा हाय का दुसरं काय हाय, ते पुसल्याबिगर कळायचं न्हाई." तिनं ओल्या कापसाचे बोळे समोर धरले. मी हात पुढं केला नाही. आईच्या डबीतला, देवीचा अंगारा कापसानं पुसायचा आणि तो कापूस त्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात जायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं. आणि दुसरंही होतं. तो पुसला की माझ्या अंगावर काहीच राहणार नव्हतं. ठिपके मग माझे असतील तर ते माझेच.

तिला ते कसं कळलं, कोण जाणे. तिनं कपाटातून एक कोरा पांढरा कागद काढला आणि टेबलावर पसरला. "आमी आटपाडीकडलं," ती म्हणाली. "मेंढरं राखणारं घर आमचं. परीक्षेला निघालं की आज्जी बिरोबाचा भंडारा कपाळभर लावायची. मला म्हाईत हाय ह्ये. म्या पुसत न्हाई, तुमी तुमच्या हातानं पुसा. कापूस ह्या कागदात ठिवा. म्या पुडी बांधून देते, तुमच्या तुमी न्या." आणि माझ्याकडं पाठ करून ती उभी राहिली.

मी पुसायला घेतलं. पहिला बोळा नुसता काखेपाशी फिरवला. दुसऱ्या बोळ्याला आई आठवली. तिच्यासमोर असा कागद कुणीच पसरला नव्हता. अंगारा लाव आणि दाखवायलाही चल, हे तिला आमच्यापैकी एकीनंही सांगितलं नाही. आम्ही चेष्टा करत होतो. ती मनातल्या मनात एकटीच किती भ्याली असेल, हे मला त्या गार खोलीत पहिल्यांदा कळलं आणि मी रडायला लागले. रडत रडत पुसत राहिले. आजवर मी देवीकडं एकच मागत आले होते, काही निघू देऊ नकोस. त्या दिवशी तोंडून निराळंच आलं. आई, जे असंल ते दिसू दे. आई म्हणजे देवी की माझी आई, ते मला सांगता यायचं नाही. पण एवढं म्हणून मी राहिलेला अंगारा पुसून काढला. मग मी स्वतःहून यंत्रापाशी जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या फोटोत ठिपके नव्हते. डॉक्टरबाई स्वतः बाहेर येऊन सांगून गेल्या, काही नाही, पण आईचं होतं म्हणून दर वर्षी यायचं. सुमननं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. त्या मुलीनं दोऱ्यानं बांधलेली पुडी माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या बाईला हाक मारली. सुमन म्हणाली, कृष्णेत सोडू. मी पुडी लोणंदला आणली आणि आमच्या तुळशीच्या मातीत पुरली.

ठिपके अंगाऱ्याचे होते, हे मला समजतं. त्यात चमत्कार नाही, उलट माझीच चूक होती. तरीही वाटतं, आईनं दीड वर्ष ज्याच्याआड दुखणं झाकलं, तोच अंगारा त्या दिवशी पडद्यावर पांढरा होऊन म्हणाला, इथं बघा. त्याशिवाय मी तो पुसला नसता आणि जे मागायला हवं ते कधी मागितलंही नसतं. त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं. देवीपुढं दिवा लावताना मी तिला "कागद पसरणारी" म्हणते. देवीला बरोबर कळतं.

पुढच्या वर्षी सुमननं दोघींचे नंबर लावले. सुमनचंही सगळं नीट निघालं, हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते निकालाआधीचं. माझी तपासणी उरकली होती, आता तिची पाळी होती. बाकावर बसून तिनं माझ्याकडं डबी मागितली. "अक्का, कपाळाला तरी लावू का गं?" मी म्हटलं, "कपाळाला लाव." तेवढ्यात दारात तीच मुलगी उभी राहिली. सुमनकडं बघून मला म्हणाली, "ह्यांनी कुटं लावलाय?"

"कपाळाला तेवढा."

"मग ऱ्हाऊ द्या. कपाळाचा फोटू आमी काडत न्हाई."

सुमन हसली. हसतच तिनं डबी माझ्या ओंजळीत ठेवली आणि आत गेली. दार लागलं. पोचा आलेल्या झाकणावरून मी अंगठा फिरवला, पण डबी उघडली नाही. आई, जे असंल ते दिसू दे, एवढं म्हटलं आणि तिची वाट बघत बसले.