सारवत सारवत उंबऱ्याबाहेर

"ते शेण घे अन् सारवून टाक. सभा सुरू व्हाची हाय."

सरपंच मला म्हणाले. मी धुतलेलं लुगडं नेसून आले होते. चावडीवर माझी पहिली सभा. राज्य नवं झालं, कायद्यानं ग्रामपंचायतीत बाई घ्यावी लागली. मोताळ्याकडच्या आमच्या गावानं भिलाची बाई घेतली, म्हणजे मला. गरीब आहे, तोंड उघडणार नाही, हा त्यांचा हिशेब. चावडी आजवर मीच सारवत होते. त्या दिवशीही माझ्या तोंडातून 'नाही' निघालं नाही.

मेंबर सतरंजीवर बसले. उरलेली जमीन मी सारवायला घेतली. सारवताना माणूस मागे मागे सरकतो. सरकत सरकत दारात आले, मग उंबऱ्याबाहेर. हात धुऊन आत पाय टाकणार, तोच सरपंच ओरडले, "अवं, ओलं हाय ना! पाय उमटतीन. बस तिथंच."

बसले. त्यांच्या चपलांशेजारी.

आमच्या वस्तीवर बाया नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. निघताना सासू म्हणाली होती, "विहीर मागजो. घेतल्याबिगर येऊ नोको."

आत विहिरीचाच विषय निघाला. सरकारनं गावाला एक विहीर दिली होती. सरपंच म्हणाले, "माह्या मळ्याच्या बांधावर खोदू." मी बाहेरून म्हणाले, "वस्तीवर पाणी नाई, सरपंच पाटील. मले बोलू द्या."

"गप बस वं. सारवणं झालं ना तुहं?"

सगळे हसले. हात वर झाले. विहीर गेली.

अंगाची आग झाली. उठले आणि ओल्या सारवणावरून चालत गेले. सतरंजीवर बसले. "माहा हात खाली हाय. तसं लिहा."

कुणी लिहिलं नाही. मी बसले म्हणून शेजारचे दोघं अंग चोरून उठले.

घरी सासूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घागर घेऊन नाल्याकडे निघाली. तिच्यामागे जायची मला हिंमत झाली नाही. काय सांगणार होते?

सकाळी कोतवाल आला. "तुह्ये पाय उमटून वाळले चावडीत. सारवून बुजव, सरपंचानं सांगतलं."

नाही बुजवले. आता ती चावडी मी सारवणार नाही. पुढच्या सभेला सगळ्यांच्या आधी जाईन, सतरंजीच्या मधोमध बसेन, विहीर मागेन. नाही म्हणाले तर त्याच्या पुढच्या सभेलाही. मला उठवायचं तर हात लावावा लागेल. बघू, कोण लावतो.