बाळारामभावजींचं कॅम्पिंग

आमचे बाळारामभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, अकरा वर्षं वळ गावच्या गोदामात पॅकिंग करतात. खोकी रचायची आणि भोवती प्लॅस्टिकची फिल्म गच्च गुंडाळायची. त्यांनी बांधलेला माल दिल्लीपर्यंत गेला तरी ढिला होत नाही. पण पोरांना दिलेला शब्द मात्र जवळच्या शेलारच्या नाक्यापर्यंतसुद्धा टिकायचा नाही.

कॅम्पिंगला नेतो, असं तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा गोदामातून फोन आला आणि ड्युटी लागली. सहा वर्षांचा भाविक रडून विसरला. मृणाली दहाची, ती रडली नाही. तिनं बापाकडे काही मागणंच बंद केलं. वही संपली तर आईला सांगायची, सँडल तुटली तर मला. चार महिने हेच चाललं होतं. शेवटी भावजी चौथ्यांदा म्हणाले, "ह्या शनिवारी नक्की." पोरगी म्हणाली, "टेम्पो दारात आला की भरीन बॅग."

खरं सांगते, मीही वैतागले होते. चांगलं पक्कं घर सोडून नदीकाठी झोपायचं, हे कसलं खूळ? पण रूपा, माझी जाऊ, म्हणाली, "वैनी, तुम्ही चला, म्हणजे ह्यांना मागं फिरता येणार न्हाय." गेले मग.

टेम्पोवाल्यानं वज्रेश्वरीच्या पुढे तानसा नदीच्या काठी आम्हाला उतरवलं. उद्या दहाला येतो म्हणाला आणि गेला. तेव्हा मी सामानाकडे नीट पाहिलं. ताडपत्री, बांबू, गोधड्या, टोप, तांदूळ, सुरी, काडेपेटी, सगळं एकत्र रचून भावजींनी वर दहा-बारा पदर फिल्म ओढली होती. भिंतीसारखं टणक गाठोडं! भावजींनी खिशात हात घातला आणि तोंड उतरलं. गोदामातून बाहेर पडताना फिल्म कापायचा कटर गेटवर जमा करावा लागतो. अकरा वर्षांची सवय. घरातून निघतानाही त्यांनी कटर दाराशेजारच्या फळीवर ठेवून दिला होता!

"वा भावजी! आता काय गोदामाला फोन लावायचा?" मी म्हटलं. राहवेना हो.

त्यांनी दगड घासून पाहिला, दात लावून पाहिले. फिल्म नुसती ताणायची, फाटायची नाही. ऊन कलायला लागलं. मृणाली पाठ फिरवून खडकावर बसली. "मला माहीतच होतं," एवढंच म्हणाली.

भावजी तिच्यापाशी गेले, उकिडवे बसले. म्हणाले, "मृणाली, मला न्हाय जमत. तू बघ ना."

बाप असं म्हणालेला तिनं कधी ऐकला नव्हता. ती वळली. "पप्पा, हिचं टोक कुठं असतं?"

"खालच्या डाव्या कोपऱ्यात खोचतो."

"मग तेच सोडवायचं ना!"

बांधायचं काम भावजींचं, उघडणारे दुसरे आणि तेही कापून. टोक सोडवायचं असतं हे अकरा वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी गाठोडं एका अंगावर उचलून धरलं. त्यांची बोटं जाड, नखं झिजलेली. पोरीनं आपल्या नखांनी टोक उकरून काढलं, मुठीत धरलं आणि गाठोड्याभोवती पळत सुटली. तिच्यामागे भाविक, त्याच्यामागे रूपा. "मोठी आई, तू पण ये!" अहो, मी पन्नाशीची बाई, पदर खोचून पळाले! भावजी मधे उभे, "अजून चार! अजून दोन!" म्हणून ओरडत होते. सुटलं एकदाचं, तेव्हा आम्ही वाळूत बसून पोट धरून हसलो.

अंधार पडायच्या आत तंबू उभा राहिला. ट्रकवर दोर आवळतात ती गाठ भावजींनी मृणालीला शिकवली. रात्री वारा सुटला, पण तिनं मारलेली गाठ तसूभर हलली नाही.

सकाळी सात वाजता भावजींचा फोन वाजला. गोदामाचाच. सगळ्यांचे हात थांबले. मृणालीनं बशी खाली ठेवली. भावजी म्हणाले, "न्हाय साहेब, आज जमणार न्हाय. पोरांबरोबर हाय." आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं कालची फिल्म घेतली, फोनला पदरावर पदर गुंडाळले आणि टोक खालच्या डाव्या कोपऱ्यात खोचलं. तो पुन्हा आतल्या आत घुंऽ घुंऽ करायला लागला. कोणी हात लावला नाही.

"पप्पा," पोरगी म्हणाली, "मला परत कधी आणाल?"

चार महिन्यांनी तिनं बापाकडे काहीतरी मागितलं होतं. भावजी तिथंच बोटांवर सुट्ट्या मोजायला बसले.

आता होळीनंतरची तारीख ठरलीय. अजून तीन आठवडे आहेत, पण पोरीनं बॅग भरून दाराशी ठेवलीय. येताजाता माझा पाय अडखळतो. पण ती बॅग कोणी हलवून तर बघा, गाठ माझ्याशी आहे.