रुद्रेशनं बेल-भंडार उचलला नाही

रुद्रेश स्वामीला "बस गेली का रं?" असं विचारलं, तर तो म्हणायचा, "म्या बघितली न्हाय." अणदुरात दुसरा कुणीही गेली म्हणून मोकळा झाला असता. मला त्याच्या या सवयीचा लई राग यायचा.

आमच्या दूध डेअरीचा सर्व्हर तो सांभाळायचा. मी, सिदू, शेजारच्या टेबलावर दुधाची फॅट काढायचो. सकाळचं दूध घेऊन झालं, की सर्व्हरला बाहेरून कोण कोण जोडलंय याची यादी तो पडद्यावर काढायचा आणि एकेक नाव वाचत बसायचा.

त्या दिवसांत आमचे दर जाहीर व्हायच्या आधीच समोरच्या खासगी डेअरीला कळत होते. चेअरमनचा भाऊ कुलदीप पिसाळला होता. एका सकाळी तो रुद्रेशच्या मागं येऊन उभा राहिला. यादीत एक कधी न पाहिलेलं नाव होतं. आधी आकडे, मधे रेघा, शेवटी कुठल्याशा परमुलखातल्या कंपनीचं नाव.

"हे कोण?"

"म्हाईत न्हाय, दादा. बघावं लागंल. हितं जागेच्या मालकाचं नाव दिसतंय. आत भाडेकरू कोण हाय, ते निराळं."

"म्हंजी भाडेकरू तूच घेतलास आत!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. कुलदीपनं त्याची गचांडी धरली आणि फरफटत खंडोबाच्या देवळापुढं नेलं. आम्ही सगळे मागं. एकानं ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा आणला.

"उचल. म्हण, आपल्या मशिनीत परका कुणी शिरला न्हाय."

रुद्रेशचा हात पुढं गेला आणि थांबला.

"म्या कुणाला आत घेतलं न्हाय, ह्याची शपथ आत्ता घेतो. पण कुणी शिरलाच न्हाय, ह्याची कशी घेऊ? अजून बघितलंच न्हाय म्या."

आमच्याकडं बेल-भंडार न उचलणारा चोर. पुढचं कुणी ऐकलंच नाही. कुलदीपनं पहिला ठोसा तोंडावर घातला. रुद्रेश मागं कोलमडला तो माझ्यावर, आणि मी त्याच्या दोन्ही दंडांना मागून विळखा घातला. मला तो चोर वाटला होता. शिवाय कुलदीपची भीती होती. दोन्ही खरं आहे.

"धर नीट," कुलदीप ओरडला.

"धरलंय," मी म्हणालो.

मग दुधाच्या कॅनचं झाकण घेऊन तो मारत सुटला. कपाळ फुटलं, रक्त माझ्या मनगटावर आलं. रुद्रेशनं तोंड वाचवायला उजवा पंजा वर केला तर झाकण बोटांवर बसलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी मी सोडलं नाही. तो खाली पडल्यावरही लाथा चालूच होत्या. शेवटी कुणीतरी जीप आणली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्याचा फोन आला. ओठ सुजलेले, शब्द धड फुटत नव्हते. "सिदू, ती यादी ऱ्हायलीय. बघतूस का?"

तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो. नावं काढून नुसते आकडे आणले. मग ती जोडणी कुठल्या प्रोग्रामनं उघडलीय ते पाहिलं. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दुधाचा मेसेज पाठवणारा आमचाच प्रोग्राम निघाला. मेसेज पोचवणाऱ्या कंपनीला फोन लावला, तर त्यांनीच त्या परमुलखातल्या कंपनीकडं जागा भाड्यानं घेतलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. त्या यादीत तर चोरच नव्हता. दर दुसरीकडूनच कुठून तरी फुटत होते.

मी उठलो. तसाच दवाखान्यात गेलो. खाटेशी हवालदार जबाब लिहून घेत होता.

"मारलं कुणी?"

"कुलदीपनं."

"मागून कुणी धरलं?"

रुद्रेशनं माझ्याकडं पाहिलं. "धरलंय" म्हणालो तेव्हा माझं तोंड त्याच्या कानाला लागलेलं होतं.

"त्यो मागं व्हता, साहेब. म्या तोंड बघितलं न्हाय. न बघता नाव कसं घेऊ?"

हवालदार पान उलटायला लागला.

"थांबा," मी म्हणालो. "लिहा, साहेब. म्या धरलं व्हतं."