हळदकुंकवाची हार्ड डिस्क

आमच्या घरात आलेल्या नव्या वस्तूला हळदकुंकू लागल्याशिवाय ती सुरू होत नाही. आमची हार्ड डिस्क मात्र हळदकुंकू लावल्यामुळेच सुरू होत नाही, असं मी ठामपणे जाहीर केलं, आणि तेही सासूबाईंच्या तोंडावर.

झालं असं, की सासूबाई कोलकात्याला आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि त्या संध्याकाळी हावड्याहून गाडीने परत वर्ध्याला निघणार होत्या. तिथून पुढे त्यांचं खेडं. तिथे फोनवर व्हिडिओ बघायचा म्हणजे गोल फिरणारं चाकच बघत बसायचं. पण घरात टीव्ही आहे, त्याला डिस्क जोडता येते. म्हणून त्यांची एकच मागणी होती. माझ्या लॅपटॉपवर अप्पांचे, म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांचे, जुने व्हिडिओ आहेत, तेवढे द्या. विशेषतः ज्यात अप्पा अंगणात सायकल पुसत गुणगुणताहेत, तो.

मी आदल्या दिवशीच नवी डिस्क आणली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, दोन अक्षता वाहिल्या. सकाळी मी कॉपी लावली. पोरीचे वाढदिवस गेले, आमची पुरीची सहल गेली (त्यातल्या उंटासकट), आणि अप्पांपाशी येऊन गाडी थांबली. पडद्यावर एक चौकट आली. मी ती बंद केली. पुन्हा लावली. पुन्हा चौकट. ती उघडायची आणि मी मिटायचो, असं आमचं बराच वेळ चाललं होतं.

आता मात्र हटायचं नाही, असं मी ठरवलं. वायर बदलली. डिस्क तापली असेल म्हणून तिला टेबलफॅनसमोर ठेवलं. खालच्या मजल्यावरचे घोषदा आले. कोलकात्याच्या आमच्या गार्डन रीच भागात काहीही बिघडलं की घोषदांच्या मते त्याला गंगेवरची दमट हवा जबाबदार असते. त्यांनी डिस्क तांदळात पुरायला सांगितली. मी पुरली. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, सासूबाईंच्या प्रवासासाठी दहीभात करायला बसली, तेव्हा पहिल्याच मापात डिस्क आली. त्यावर ती जे बोलली ते इथे देत नाही.)

तांदूळ झटकून डिस्क पुन्हा लावली. तीच चौकट. तेवढ्यात मला वायर लावायच्या खाचेपाशी लाल ठिपका दिसला, आणि इतका वेळ शोधत असलेला आरोपी सापडला!

"आई, कुंकू आत गेलंय," मी म्हणालो. "मशीनला श्रद्धा कळत नाही हो."

सासूबाईंनी डिस्क हातात घेतली आणि पदराने हळूहळू पुसली. मग म्हणाल्या, "राहू द्या, जावईबापू. अप्पा माझ्या लक्षात आहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मी कापसाची काडी घेऊन ती खाच कोरायला बसलो, कारण माझ्या अपराधी भावनेलाही हाताला काम लागतं. शेवटी सुनंदा आतून आली.

"अहो, त्या चौकटीत लिहिलंय काय?"

"एरर आहे."

"ते दिसतंय. काय लिहिलंय?"

मी ती वाचलीच नव्हती. सुनंदाने वाचली. "नाव फार लांब आहे, लहान करा, असं म्हणतोय तो. कुंकवाबद्दल एक अक्षर नाही."

मग सगळा उलगडा झाला. माझी बदली झाली की मी जुना फोल्डर उचलून जसाच्या तसा नव्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्याला सरकारी पत्राच्या विषयासारखं नाव देतो. 'कोलकाता येथे बदली झाल्यानंतरचे सर्व घरगुती फोटो व व्हिडिओ (जपून ठेवणे)' याच्या पोटात तसंच लांबलचक बिलासपूर, त्याच्या पोटात चक्रधरपूर, त्याच्या पोटात भुसावळ, आणि भुसावळच्या तळाशी अप्पा, सायकल पुसत. संगणक ही सगळी नावं एकापुढे एक जोडून वाचतो आणि अमुक लांबीनंतर हात टेकतो. त्यात डिस्कवर मी आणखी एक फोल्डर केला होता: 'आईंना वर्ध्याला जाताना सोबत देण्यासाठी'.

सुनंदाने अप्पांना भुसावळातून थेट बाहेर काढलं, फोल्डरला नाव दिलं 'अप्पा', आणि चहा उकळेपर्यंत ते डिस्कवर जाऊन बसलेही. सासूबाईंनी व्हिडिओ लावून पाहिला. अप्पा गुणगुणत होते. मधेच कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघून म्हणाले, "सुरू झालंय ना? की नुसतंच धरून बसलाय?"

सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

हावड्याला त्यांना डब्यात बसवलं आणि मी खिडकीपाशी उभा राहिलो. "आई, आज सकाळी वायरीच्या खाचेपाशी जो लाल ठिपका आढळला, त्यासंदर्भात मी जे विधान केलं, ते पूर्ण माहिती न घेता..."

"नाव लांब होतंय, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "गाडी सुटेल."

"चुकलो," मी म्हणालो. ते लगेच पोचलं.

गाडी मात्र बराच वेळ सुटली नाही. त्यामुळे उरलेलं सगळं मी सांगितलंच.